आबांच्या छातीतला अडकित्ता

जळगावच्या एका दवाखान्यात माझं काम एक्स-रेचं. सासऱ्यांना, म्हणजे आबांना, तिथे आणायचं ठरलं तेव्हा सगळ्यांत जास्त कुरकुर मीच केली. सुनेनं सासऱ्यांच्या आत डोकावून बघायचं म्हणजे काय! पण आबांची अन्ननलिका वर्षानुवर्षांच्या पित्तानं आकसली होती. कॅन्सर नाही हे तपासून झालं होतं, तरी पाण्याचा घोटसुद्धा परत येई. अरुंद जागेतून दुर्बीण पुढे जाईना. म्हणून एक्स-रेच्या पडद्यावर बघत बघत आत तार सरकवायची, तिच्यावरून फुगा न्यायचा आणि तो फुगवून वाट मोकळी करायची, असं ठरलं. नाही जमलं तर पोटाला भोक पाडून नळीनं खायला घालायचं. ते ऐकून आबांनी धुळ्याकडच्या आमच्या गावात ओट्यावरून जाहीर केलं होतं, "ठिबक केयले लावतस, माणूसले नही!" ठिबकची नळी केळीच्या बागेला लावायची, माणसाला नव्हे, असं त्यांचं म्हणणं.

आबा आत आले तेव्हा मी शिशाचा जड एप्रन घालून मशीनपाशी उभी होते. हात सवयीनं डोक्यावर गेला. पदर कुठला, हिरवी टोपी होती. तीच भुवयांपर्यंत ओढली. आबांनीही दवाखान्याचा झगा गळ्याशी आवळून धरला. आम्ही दोघंही आपापली अब्रू सांभाळून होतो.

घशात बधिर करणारा फवारा मारला, दात मिटू नयेत म्हणून तोंडात कडी बसवली. मी पायाखालचं बटण दाबलं आणि पडद्यावर आबांच्या छातीत चक्क अडकित्ता दिसला. चांगला लांब दांड्यांचा, पात्यासकट.

डॉक्टर ओरडले, "हे काय गिळलंय यांनी?"

मी पडद्यापाशी वाकले. मग डोकं ठिकाणावर आलं. ज्याच्या घशाखाली पाणी उतरत नाही तो अडकित्ता काय गिळणार! आणि हा तर ओळखीचा. सासूबाई सकाळपासून तोच शोधत होत्या. सुनेसमोर उघडं कसं व्हायचं म्हणून आबांनी झगा बंडीवरूनच चढवला होता, आणि अडकित्ता बंडीच्या आतल्या खिशात. सुपारी खाणं बंद झालं होतं, कातरणं नाही. कडीमुळे बोलता येईना, म्हणून आबा नुसतेच छातीवर थापट्या मारत होते. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, तेव्हा कुठे त्यांनी सिस्टरला बंडी काढू दिली.

पुढे मात्र माझं हसू आटलं. तार अरुंद जागेतून पलीकडे गेली. पडद्यावर दिसावं म्हणून औषधाचं पाणी भरलेला फुगा मधोमध आवळलेल्या गाठोड्यासारखा झाला होता. डॉक्टर दाब वाढवत होते आणि फुग्याची कंबर काही सुटेना. मला फार भीती वाटली. पोटाला नळी लावून बसलेले आबा मला बघवले नसते. मी मनातल्या मनात त्या फुग्याला शिव्या घातल्या. फुग की रे मेल्या! आणि कंबर हळूहळू भरत गेली, फुगा सरळ झाला.

घशाचा बधिरपणा उतरल्यावर डॉक्टरांनी थोडं पाणी द्यायला सांगितलं. सासूबाई, माझा नवरा आणि मी पलंगाभोवती उभे होतो. आबांनी एक घोट घेतला. थांबले. दुसरा घेतला. मग सगळा पेला घटाघटा रिकामा केला. आम्ही तिघं त्यांच्या गळ्याकडे बघत होतो.

आबा खेकसले, "काय देखी राहिनात? माणूसले पानी पेतांना कधी देखं नही का?"

असं नव्हतं हो पाहिलं आबा, असं म्हणायचं होतं. पण रडू आवरेना, म्हणून पेला पुन्हा भरला.