गुरुवारचा डबा

काटासाहेब निवृत्त झाले आणि तिसऱ्याच महिन्यात त्यांच्या लक्षात आलं, की आपली बायको दर गुरुवारी खोटं बोलते.

काटासाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. वजनमापं तपासणाऱ्या खात्यात ते एकतीस वर्षं निरीक्षक होते. हातात लाकडी पेटी, पेटीत खोबणीत बसवलेली खात्याची वजनं आणि तराजूच्या काट्यावर खिळलेली नजर. ते बाजारात शिरले की पहिल्या दुकानापासून शेवटच्या दुकानापर्यंत ‘काटा आला, काटा आला’ अशी कुजबुज धावत जायची. त्यांना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. त्यांनी कधी कोणाच्या दुकानात घोटभर चहासुद्धा घेतला नाही. पण कोणावर विश्वासही ठेवला नाही. दूधवाल्याच्या मापाला पोचा आहे का, हे ते रोज बघत. न्हाव्याच्या खुर्चीत बसले तरी आरशातून त्याच्या कात्रीवर पहारा असे. सख्ख्या भावाने वाढदिवसाला घड्याळ दिलं, तर आधी ते आठवडाभर भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं आणि मगच मनगटाला बांधलं.

अशा माणसाला निवृत्त करून घरी बसवलं, तर तो तपासणी कोणाची करणार?

बायको दर गुरुवारी दहाच्या सुमाराला डबा भरून निघायची. “धाकटीकडे जाते, संध्याकाळपर्यंत येते,” एवढंच म्हणायची. नोकरीत असताना साहेबांना याचा पत्ताच नव्हता. त्यात काही वावगंही नव्हतं. पण एका गुरुवारी भरदुपारी फोन वाजला आणि पलीकडून खुद्द धाकटी मेहुणी बोलली, “भावजी, ताई आहे का हो? महिना झाला, तिचा आवाज नाही.”

“बाजारात गेली आहे,” साहेब शांतपणे म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

संध्याकाळी बायको परतली. साहेबांनी वर्तमानपत्रातून मान वर न करता विचारलं, “कशी आहे धाकटी?”

“बरी आहे. गुडघा दुखतो म्हणत होती.”

साहेबांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पण चोराला लगेच हटकायचं नसतं, त्याला आधी दोरी सैल सोडायची असते, हे त्यांना खात्याने शिकवलं होतं. पुढच्या गुरुवारी बायको आंघोळीला गेल्यावर त्यांनी भरलेला डबा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. तीन किलो दोनशे ग्रॅम! आत पाव, डझनभर उकडलेली अंडी, बटाट्याची भाजी, काकड्या. एकट्या बहिणीला एवढं? संध्याकाळी डबा घासूनपुसून रिकामा परत आला. पिशवीच्या तळाशी गवताच्या चार काड्या होत्या, चपलेला लाल माती होती आणि बायको भांडी लावताना चक्क गुणगुणत होती. या घरात गुणगुणणं साहेबांनी किती वर्षांत ऐकलं नव्हतं, ते त्यांना आठवेना. कुठेतरी पाणी मुरत होतं.

त्यापुढच्या गुरुवारी ते तिच्या मागावर निघाले.

डोक्याला टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा, बसच्या शेवटच्या बाकावर उघडं धरलेलं वर्तमानपत्र. बायको पुढे खिडकीशी बसली होती, पिशवी मांडीवर. शहर संपता संपता ती उतरली. समोर जुन्या राजवाड्याचे अवशेष आणि त्यांच्याभोवती सरकारने फुलवलेली बाग. साहेबांनी इथे यायचं वर्षानुवर्षं पुढे ढकललेलं होतं. बायको पूर्वी कितीदा म्हणाली होती, “जाऊ या ना एकदा, डबा घेऊन.” ते म्हणत, “पडक्या भिंतीत काय बघायचं?”

बायकोने तिकीट काढलं नाही. खिडकीतल्या माणसाने नुसता हात वर केला, ती हसली आणि आत गेली. म्हणजे इथे तिची चांगलीच ओळख होती! साहेबांनी तिकीट काढलं आणि वीस पावलांचं अंतर ठेवून ते मागे चालू लागले.

बाग सुरेख होती, हे त्यांनाही नाकारता आलं नाही. अर्ध्यात तुटलेल्या खांबांच्या रांगा, त्यांच्यामधून नीट कातरलेली हिरवळ. जिथे छप्पर उरलं नव्हतं त्या दालनात आता गुलाबाचे ताटवे होते. दगडी पन्हळातून एकेकाळी राण्यांच्या हौदात पाणी यायचं म्हणे. आता त्याच पन्हळातून झाडांना पाणी जात होतं. ठिकठिकाणी लोक सतरंज्या टाकून बसले होते. कोणी संत्री सोलत होतं, कोणी कमानीच्या सावलीत तोंडावर रुमाल टाकून घोरत होतं. साहेब मात्र तोंड झिजलेल्या एका दगडी सिंहामागे उभे राहिले आणि त्यांनी चष्मा काढला.

कोरड्या हौदाच्या काठावर, मोठ्या झाडाखाली, एक माणूस चटई अंथरत होता. पिकलेले केस, काटकुळा, खाकी सदरा. त्याने पुढे होऊन बायकोच्या हातातली पिशवी घेतली. साठीला टेकलेल्या बायकोवर कसला संशय घ्यायचा, असं एक मन म्हणत होतं. दुसरं मन एकतीस वर्षं सरकारी पगारावर संशय घेत आलेलं होतं. ते म्हणालं, बघ, नीट बघ.

इतक्यात झाडामागून एक बाई चहाची किटली घेऊन आली आणि त्या माणसाशेजारी घरच्यासारखी बसली. त्याची बायकोच असणार. साहेबांनी श्वास सोडला, पण अर्धाच. मग हे तिघं मिळून काय शिजवताहेत? बायकोने पिशवीतून एक घडी केलेला कागद काढून त्या माणसाला दिला. त्याने तो उघडून आत पाहिलं, मान डोलावली आणि खिशात घातला. कसला कागद? घराचा? आणि हा चेहरा... हा चेहरा कुठेतरी पाहिलेला आहे. समोर तराजू असताना पाहिलेला आहे.

“काय चाललंय, काका?”

साहेब दचकले. मागे बागेचा पहारेकरी उभा होता.

“मी... सिंह बघतोय.”

“अर्धा तास? सिंहाच्या पाठीमागून?” पहारेकऱ्याने त्यांची टोपी, काळा चष्मा, न वाचलेलं वर्तमानपत्र सगळं सावकाश न्याहाळलं. “बायकामाणसं जेवायला बसतात तिथे चोरून बघणारे इथे पुष्कळ येतात. चला कचेरीत.”

“अहो, मी सरकारी अधिकारी आहे!”

“ओळखपत्र दाखवा.”

ओळखपत्र निवृत्तीच्या दिवशीच खात्यात जमा झालं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच काटासाहेबांकडे कोणीतरी तसं पाहत होतं, जसं ते जगाकडे पाहत आले होते. नाइलाजाने त्यांनी हौदाकडे बोट केलं. “त्या... त्या माझ्या घरच्या आहेत.”

पहारेकऱ्याने दंड धरून त्यांना चटईसमोर नेऊन उभं केलं. “ताई, हा माणूस तुमचा कोणी लागतो म्हणतो. ओळखता का?”

बायकोच्या हातात सोललेलं अंडं होतं. ती नवऱ्याकडे पाहतच राहिली. साहेबांना वाटलं, आता ही नाही म्हणते की काय!

“ओळखते,” ती शेवटी म्हणाली. “आमचे हे आहेत.”

पहारेकरी गालातल्या गालात हसत निघून गेला. मग चटईवरचा माणूस उठला, सदऱ्याला हात पुसले आणि म्हणाला, “या काटासाहेब. बसा. बावीस वर्षांनी भेट झाली.”

त्या आवाजासरशी साहेबांना सगळं आठवलं. घंटाघराच्या गल्लीतला किराणावाला! त्याचं दोन किलोचं वजन नऊ ग्रॅम हलकं निघालं होतं. बाकीची सगळी वजनं खरी आणि रोज वापरायचं तेवढंच खोटं. ही जुनी युक्ती आहे, असं साहेबांनी तिथल्या तिथे ठरवलं होतं. किराणावाला हात जोडून म्हणत होता, “साहेब, तुमची दोन वजनं एकेक किलोची घ्या, ती एकत्र ठेवा आणि माझं ताडून बघा. एवढंच करा.” गल्ली जमली होती. साहेबांनी ते केलं नाही. चोर शिकवणार का मला, असं म्हणून त्यांनी दुकानाला टाळं ठोकलं. परवाना गेला. पुढे त्या माणसाचं काय झालं, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

“इथे माळी आहे मी,” किराणावाला म्हणाला. “आता बिया सोडून काही मोजत नाही. आजही ताईंनी आणल्यात बाजारातून.” त्याने खिशातला तो कागद दाखवला. झेंडूच्या बियांची पुडी होती.

साहेब चटईच्या कडेला टेकले. माळणीने त्यांच्यासमोर पान ठेवलं. हा माणूस हसतोय कशाला, जेवायला का घालतोय, यात काय डाव आहे, हेच अजून त्यांच्या डोक्यात घोळत होतं. घास उचलवेना.

“मीच सांगते,” बायको म्हणाली. “तुमची पेटी पुसताना दोन किलोचं वजन माझ्या हातून पडलं होतं. वजन नेमकं भरावं म्हणून त्याच्या तळात ओतलेलं, शिक्का मारलेलं शिसं निखळलं. तुम्ही रागावाल म्हणून मी गुपचूप कोपऱ्यावरच्या, भांड्यांना डाग देणाऱ्याकडून नवं ओतून घेतलं. त्याने जरा जास्तच ओतलं असणार. दुसऱ्याच दिवशी तुम्ही घरी येऊन सांगितलंत, आज एक चोर पकडला, दोन किलोला नऊ ग्रॅम मारत होता. यांचं वजन खरं होतं. खोटं आपलं होतं. आणि मी तोंड उघडलं नाही.”

आठ वर्षांपूर्वी ती शेजारणींबरोबर इथे आली होती, तेव्हा पाण्याची नळी धरलेला हा माणूस तिला दिसला. दुकानाला टाळं लागलं तेव्हा वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला होता, तो ती विसरली नव्हती. तिने तिथेच, त्या ताटव्याशी, त्याला सगळं सांगून टाकलं.

“मी नळी फेकून दिली होती,” माळी म्हणाला. “महिनाभर मी यांचं तोंडही बघत नव्हतो. या मात्र दर गुरुवारी यायच्या, लांब बसायच्या, डबा तसाच घेऊन परत जायच्या. शेवटी हिनेच यांना हाताला धरून चटईवर आणलं. म्हणाली, अन्न फुकट का घालवायचं?”

“तेव्हापासून कधी चुकलं नाही,” माळीण म्हणाली.

सगळा दोष बायकोने आपल्या अंगावर घेतला होता. साहेबांनी फक्त मान हलवायची होती. कोणीच त्यांच्यावर संशय घेत नव्हतं. त्यांनी पाण्याचा पेला उचलला, पुन्हा खाली ठेवला आणि ते म्हणाले, “मला माहीत होतं.”

तिघंही त्यांच्याकडे पाहू लागले.

“त्यानंतर पंधरा दिवस मी पेट्रोलपंपांवर होतो, वजनांची पेटी उघडलीच नाही. मग खात्यात माझ्या पेटीची वार्षिक तपासणी झाली. तिथला कारकून म्हणाला, तुमच्या दोन किलोच्या तळाला शिक्का नाही आणि ते नऊ ग्रॅम जड भरतंय. नऊ! मी म्हणालो, परवाच बसमध्ये पडलं असेल. त्याने वजन बदलून दिलं. मी जगाची वजनं उलटी करून शिक्के बघत फिरलो आणि माझं स्वतःचं कधी उलटं केलं नाही. आणि ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी गप्प बसलो.”

पलीकडच्या कमानीखाली कोणाचा तरी चेंडू भिंतीवर आपटत होता. बायको एकाएकी उठली आणि हौदाच्या पायऱ्या उतरून पार खाली जाऊन बसली, पाठमोरी. साहेब तिच्यामागे उतरले.

“बावीस वर्षं,” ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली. “एकाच घरात, एकाच गोष्टीची लाज. तुम्ही एक शब्द बोलला असता, तर मीही बोलले असते. पण तुमच्याशी बोलायची सोय होती कधी? माणूस बोलायला लागला की तुम्ही आधी त्याला तोलता.”

साहेब दोन पायऱ्या सोडून बसले. माळी वरूनच ओरडला, “चहा निवतोय!” त्याच्या आवाजात माया नव्हती, पण हाकलून देणंही नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात साहेबांनी खात्याला सगळं खरं लिहून कळवलं. खात्याचं उत्तर आलं की सदर प्रकरणाची फाइल मुदतीनंतर नष्ट करण्यात आली आहे, सबब कार्यवाहीचा प्रश्न उद्भवत नाही. साहेब ते पत्र घेऊन माळ्याकडे गेले. माळ्याने ते वाचलं आणि परत दिलं. “खात्याचं मला काय करायचंय?” तो म्हणाला. “टाळं लागलं तेव्हा गल्ली बघत होती.”

म्हणून एका सकाळी दोघं घंटाघराच्या गल्लीत गेले. दुकानाच्या जागी चपलांचं दुकान झालं होतं. जुन्यांपैकी शिंपी आणि न्हावी तेवढे उरले होते. साहेबांनी रस्त्यात उभं राहून, चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की त्या दिवशी या माणसाचं वजन खरं होतं आणि खोटं माझं होतं. येणारेजाणारे थबकले, हसले, निघून गेले. शिंप्याला काही आठवेना. न्हावी मात्र वस्तरा हातात घेऊनच बाहेर आला. माळ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “माझी आई शेवटपर्यंत म्हणायची, तो तसा नव्हता. मीच तिला गप्प करायचो.” मग त्याने माळ्याला आत खुर्चीत बसवलं आणि त्याच्या गळ्याभोवती स्वच्छ टॉवेल गुंडाळला. काटासाहेब बाहेर पायरीवर, उन्हात, त्याची दाढी होईपर्यंत थांबून राहिले.