भित्रे अण्णा आणि भट्टीचं पाणी

आमच्या अण्णांइतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही. रत्नागिरीजवळच्या एका काजूच्या कारखान्यात ते मॅनेजर होते आणि मी सोलणीला बसायची. शेठची मोटार फाटकात वळली की अण्णांच्या हातातला चहा बशीत सांडायचा. एसटीत चढतानासुद्धा ते ड्रायव्हरला विचारून घ्यायचे, "ब्रेक लागतात ना नीट?"

सगळ्यात जास्त धास्ती त्यांना टरफलांच्या तेलाची. ते अंगावर उडालं की कातडी सोलून निघते. आम्हा बायकांची बोटं त्यानेच काळी पडलेली. भट्टी धुतलेलं तेलकट पाणी पूर्वी खालच्या पऱ्यात सोडत, आणि त्याच ओढ्यावर वाडीच्या बायका कळशा भरत. अण्णांनी आल्या आल्या एक खड्डा खणून मातीने लिंपून घेतला आणि पऱ्याकडच्या तोंडाला फळी ठोकली. घरी जाताना रोज ती फळी चाचपून बघायचे. "रात्री झोप लागायला हवी ना," म्हणायचे. त्यांचं बघून आम्हीही टरफलं पऱ्याकडे लोटायचं सोडलं.

एका श्रावणात खड्डा काठोकाठ भरला. मुंबईला माल जायचा होता, भट्टी थांबवणं परवडणारं नव्हतं. शेठ म्हणाले, "फळी काढा."

भट्टीवरचे हसनभाई पहार घेऊन उभे राहिले. "अण्णा, काय करू ओ?"

अण्णांचे ओठ पांढरे पडले होते. "शेठ, खाली बायका पाणी भरतायत. मला भीती वाटते."

"आणि माझी नाही वाटत?"

"वाटते तर! तीन मुली आहेत पदरात. पण फळी नका काढू."

आता आपलीही रोजी जाणार, असं मला वाटलं. हसनभाईंनी पहार हळूच खाली ठेवली. शेठनी चिडून भट्टी बंद करायला लावली आणि अण्णांना सांगितलं, "उद्यापासून येऊ नका."

राजापूरच्या गाडीत त्यांना बसवायला आम्ही गेलो. "माझ्यामागे हट्ट करू नका. पोटं आहेत तुम्हाला," खिडकीतून ते म्हणाले.

थोड्याच दिवसांत नवे मॅनेजर आले. त्यांनीही फळी काढायला सांगितली. भीती आम्हा सगळ्यांनाच वाटत होती. पण जागचं कुणी हललं नाही. मग हसनभाईंनी कुदळ उचलली आणि शेजारी दुसरा खड्डा खणायला घेतला. आम्ही घमेल्यांनी माती उपसू लागलो. नवे साहेब आमच्या मागेच उभे. मान वर करायची कुणाची छाती होईना.

शेवटी खड्ड्यात डोकावून ते म्हणाले, "खोल खणा. पाऊस अजून बाकी आहे."