येलदरीची झोप

यंदा सुट्टीत महाबळेश्वर झेपणार नव्हतं, म्हणून जवळचं येलदरी धरण ठरवलं. सकाळी बायकोनं दुधातल्या दशम्या फडक्यात बांधल्या आणि त्या वासासरशी मी दहा वर्षांचा झालो.

तेव्हाही येलदरीच होतं. बोरीहून एसटीनं गेलो होतो, खिडकीचा पत्रा तापलेला. वर्गात मी समुद्र बघायला जाणार म्हणून सांगून बसलो होतो. धरणावर दशमी आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन बाबा कडुलिंबाखाली आडवे झाले, ते उठेचनात. विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या त्यांच्या हातांना तिथंही मोटारीच्या तारांना लावायच्या वार्निशचा वास येत होता. मी चिडून त्यांना हलवायला लागलो, तशी आईनं माझा हात धरला.

"उठवू नको. गावात असले की लोक जळक्या मोटारी घेऊन दारात येतेत. हितं कुणाला सापडत न्हाईत ते."

दिवसभर ती त्यांच्या तोंडावरच्या माशा हाकत बसली. मला वाटलं, माझी सुट्टी वाया गेली.

"बाबा, तिथं बघायला काय आहे?" आज पोरीनं विचारलं. ऑफिसचा फोन पुन्हा वाजायला लागला होता. तो तसाच कपाटात ठेवून मी म्हणालो, "सावली हाय."