पिवळा दिवा आणि माझा पाय

आगाशीत आमच्याआधीही मोटारी होत्या, पण बाईच्या पायाखाली आलेली पहिली मोटार आमचीच. याला पुरावा मागू नये. मी सांगते, एवढा पुरावा बस्स झाला.

गाडी जुनी घेतलेली, लाल, काडेपेटीएवढी. यजमानांनी आणि थोरल्या दिरांनी मिळून घेतली होती. यजमान नोकरीला मुंबईला. दीर गावच्याच शाळेत विज्ञानाचे मास्तर, सायकलीवर पाच मिनिटांत पोचायचे. म्हणजे गाडी दिवसभर आंब्याखाली घोरत पडलेली, आणि इकडे वाडीतल्या मोगऱ्याच्या टोपल्या विरार स्टेशनावर फुलवालीकडे पोचवायला मी रोज सकाळी रिक्षावाल्यांच्या हनुवटीला हात लावत फिरतेय. म्हणून शिकले. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर, ओहोटीच्या वाळूत. पहिल्यांदा रिव्हर्स टाकला तेव्हा समुद्रच अर्धा मैल मागे सरला. भरतीचं वेळापत्रक तेव्हापासून जे बिघडलंय ते अजून जुळलेलं नाही.

दोन महिने मी राणीसारखी गेले-आले. मग एप्रिलात एका सकाळी बाजाराच्या वळणावर समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. ॲक्सिलरेटर दाबला तर गाडी पुढे जायच्या ऐवजी विचारात पडली. एक झटका, दोन झटके, मग पुन्हा सुतासारखी सरळ. दुसऱ्या दिवशी काहीच नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा दिवा, पुन्हा झटके, आणि माझ्यामागे एसटीचा हॉर्न असा वाजला की अर्नाळ्याच्या किल्ल्यावरचे बगळे उडून थेट डहाणूला उतरले.

मेकॅनिककडे नेली. त्याने प्लग बदलले, फिल्टर साफ केला, स्वतः पापडीपर्यंत चक्कर मारून आला. दिवा नाही, झटका नाही. मास्तर शेजारीच उभे होते. मेकॅनिक त्यांच्याकडे बघून म्हणाला, "गाडी एकदम ओके आहे मास्तर. वहिनींचा पाय क्लचवर राहत असणार."

माझ्यादेखत! माझा पाय, आणि सांगतोय त्यांना!

रविवारी मास्तर स्वतः एका साखरपुड्याला गाडी घेऊन गेले. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी गेली. यजमान बुधवारी सुट्टीवर होते, त्यांनीही फिरवली, काही नाही. गुरुवारी मी नेली, लागला दिवा. गावात निकाल जाहीर झाला. बाई बसली की गाडी बिथरते. एका शेजारणीने तर गाडीची दृष्ट काढायला मीठ-मिरच्या आणल्या. मी त्या आमटीत घातल्या.

त्या रात्री जेवताना मास्तरांनी निर्णय दिला. "किल्ली देवघरापाशी खिळ्यावर नको. उद्यापासून माझ्या कपाटात राहील. चार वेळा निरीक्षण झालं, निष्कर्ष एकच निघतो."

किल्ली कपाटात गेली म्हणजे मी पुन्हा रिक्षावाल्याच्या दारात. मी हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"भावजी," मी म्हटलं, "शाळेत पोरांना काय शिकवता? एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. बरोबर?"

"बरोबर."

"मग तुम्ही दोघं गाडी घेऊन गेलात तेव्हा माझा मोगरा कुठे होता? ड्रायव्हर बदललात आणि टोपल्याही उतरवल्यात. हा कुठला प्रयोग? नापास!"

यजमानांनी पटकन पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. हसू लपवायला माणूस एवढं पाणी पितो हे मी त्या दिवशी पाहिलं.

"उद्या तुमची शाळा उशिरा," मी पुढे म्हटलं. "टोपल्या मी भरते, चालवा तुम्ही. गाडी नीट गेली तर किल्ली तुमची, आणि मीठ-मिरच्या मी माझ्यावरून ओवाळते."

सकाळी चार टोपल्या रोजच्यासारख्या मागच्या सीटवर चढल्या, ओल्या गोणपाटाखाली झाकलेल्या. मास्तर इस्त्रीचा सदरा घालून बसले, मी शेजारी हाताची घडी घालून. देवळापर्यंत गाडी गाईसारखी चालली. खोटं कशाला बोलू, एकदा वाटलं की खरंच माझ्या पायातच काहीतरी आहे.

बाजाराच्या वळणावर दिवा लागला. असा पिवळा, असा गोड, जणू हळदीचा दिवा! मग झटका. मास्तरांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर. दुसरा झटका. तिसऱ्याला गाडी भर बाजारात, एसटीच्या तोंडासमोर, बसलीच. भाजीवाल्या मावशीने पाटीमागून हाक दिली, "काय मास्तर, वहिनीकडं शिकाय लागलाव की काय?"

मास्तर उतरले, सदरा नीट केला आणि "शाळेला उशीर होतोय" म्हणून चालत निघाले. शाळेला अजून दोन तास होते.

मी टोपल्या रिक्षात घालून विरारला पोचवल्या आणि परत आले. लोकांनी गाडी कडेला ढकलून ठेवली होती. किल्ली फिरवली, सुरू! मागे वळून सीटवर हात ठेवला, तळवा चिंब. मग डोक्यात उजाडलं. तशीच मेकॅनिककडे गेले. "मागची सीट उचल."

सीटखाली इंजिनाला पेट्रोल ढकलणाऱ्या पंपाचं झाकण होतं, त्याच्यावर वायरी जोडणारा कपलर. आतल्या पिना हिरव्यागार झालेल्या, वर पाण्याचं छोटं तळं.

"वहिनी, हे पाणी आलं कुठून?"

"पावसाचं."

"एप्रिलमध्ये?"

"आमच्या वाडीत पडतो," मी म्हटलं. "साफ कर आणि नवा कपलर लाव. आणि आता सांग, कुणाचा पाय?"

तो खाली मान घालून पिना घासत राहिला.

आता इतक्या वर्षांनी कबूल करते. मोगरा कोमेजू नये म्हणून गोणपाटावर तांब्या-तांब्याने पाणी ओतणारी मीच. पण घरी मी सांगितलं, "आतल्या वायरीला गंज लागला होता."

"गंज कशाने?" मास्तर.

"खाऱ्या हवेने."

त्यांनी मान डोलावली. आमच्याकडे खाऱ्या हवेवर काहीही खपतं.

खपलं असं मला वाटलं. सोमवारी सकाळी टोपल्या चढवायला गेले तर मागच्या सीटवर शाळेच्या प्रयोगशाळेतलं जुनं मेणकापड व्यवस्थित अंथरलेलं, चारही कोपरे खोचलेले. मी ते उचलून उजेडात धरलं. ॲसिडची सतरा भोकं! घडी करून मास्तरांच्या सायकलीच्या कॅरिअरला लावलं, माझी ताडपत्री सीटवर पसरली, आणि खिळ्यावरची किल्ली काढून निघाले.