दोन पळ्या

बायको गेल्यापासून स्वयंपाक मीच करतो, तिला खाताना बघितलंय तसा. काकडी, ताक, जिऱ्याच्या फोडणीची भाजी. गुडघे धरले म्हणून वैद्यांकडे गेलो. नाडी बघून म्हणाले, "आजोबा, प्रकृती तुमची वाताची, आणि जेवताय पित्तवाल्याचं."

घरी खिळ्याला फोडणीच्या दोन पळ्या टांगलेल्या असतात. रोज दिसायच्या, आज कळल्या. एकीला अजून हिंगाचा वास आहे. एकाच भाजीला ती दोन फोडण्या द्यायची, माझी वेगळी, हिंगाची. मी कधी विचारलं नाही, खाऊन उठायचो.

हे शरीर मला ठाऊक नाही. जिला ठाऊक होतं, ती नाही. आता घास उचलायची भीती वाटते.

माझी पळी उतरवली, तेल तापवलं. हिंग किती घालायचा, कुणाला विचारू? तेल धुरावलं, तरी चिमूट डबीतच.