कॅमेऱ्याकडे न पाहणारे बाबा

माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये मी एकाही फोटोत समोर पाहत नाही. फोटोग्राफरनं तसंच सांगितलं होतं म्हणा. "ताई, माह्याकडे पाहू नोका. आपसात बोला, हसा. फोटो कवा निघाला ते तुमाले समजणार नाही." पण मी काही त्याचं ऐकून तसं करत नव्हते. मी बाबांवर नजर ठेवून होते.

लग्नाआधीच्या दोन महिन्यांत बाबा अमरावतीहून अकोल्याला पाच वेळा जाऊन आले. माझं सासर अकोल्याचं, लग्नही तिथंच, त्यामुळे कारण तयार असायचं. कधी हॉल पाहायचा, कधी जेवणाचं ठरवायचं. पण हा निवृत्त मास्तर एका कामासाठी दुसरी चक्कर मारणारा नव्हे. सासरच्यांनी मला न सांगता काही मागितलं असेल का, असं मनात आलं. एकदा मी त्यांची पिशवी उघडून पाहिली. वर्तमानपत्र, पाण्याची बाटली, रिकामा डबा.

"सापडलं काई?" मागून बाबा.

"नाही."

"मंग नीट पाह्य. खालचा कप्पा राह्यला."

होणाऱ्या नवऱ्याला फोनवर आडून विचारलं. तो म्हणाला, "बाबा तर आमच्याकडे एकदाच आले होते." मग उरलेल्या चार वेळा कुठे?

फोटोग्राफरही बाबांनीच ठरवला. अकोल्यातला त्यांचा जुना विद्यार्थी. हेही मला खटकलं, कारण बाबांना फोटोचं वावडं. कॅमेरा दिसला की ते शर्टाचं वरचं बटण लावून शाळेच्या तपासणीला उभे राहिल्यासारखे ताठ व्हायचे. घरात एकाच फोटोबद्दल ते बोलत, तो आईचा. आई गेली तेव्हा तिचा एकटीचा फोटो निघेना. शेवटी मोझरीला गेलो होतो तेव्हाच्या घोळक्याच्या फोटोतून तिला कापून काढलं. मागे स्टुडिओवाल्यानं निळं आभाळ भरलं, पण खांद्यावर मावशीची दोन बोटं राहून गेली. उन्हामुळे आईचे डोळे बारीक झालेले. बाबा जाता-येता म्हणत, "घाबरल्यावाणी दिसते. अशी नव्हती वं ते."

लग्नाच्या दिवशी पांढऱ्या साडीत मी बुद्धवंदनेसाठी हात जोडले, आणि कॅमेरा माझ्याकडून वळून दुसऱ्या रांगेतल्या बाबांवर गेला. हार घालतानाही तेच. जेवणाच्या पंगतीत बाबा वांग्याची भाजी वाढत होते, तर हा खांबाआड उभा राहून त्यांचेच फोटो काढत होता.

मी त्याला गाठलं. "लग्न माह्यं हाये ना? मंग तुमी त्याईच्याच मागं काहून फिरून राहिले?"

"सरांनी सांगतलं ताई. माहे फोटो मले समजू न देता काढ म्हणे."

"पण काहून?"

त्यानं लेन्स पुसायला घेतली.

मी तशीच हारासकट बाबांसमोर जाऊन उभी राहिले. "बाबा, अकोल्याले कशाले येत होते तुमी? खरं सांगा."

बाबांनी भाजीची बादली खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्यानं हसले. "अवं, नवरी हायेस का पोलीस?"

मग बादली उचलून ते पुढच्या पानाकडे वळले.

पाच महिन्यांनी बाबा गेले. अकोल्याच्या डॉक्टरांनी बाबांना त्यांच्या आजाराचं लग्नाआधीच सगळं सांगितलं होतं, हे मला दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात कळलं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी फोटोग्राफर आला, वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम आणि दवाखान्याची फाइल घेऊन.

"फाइल माह्या दुकानात ठेवली होती सरांनी. घरी पोरगी पिशव्या तपासते म्हणे." मग फ्रेम पुढे केली. "हाही त्याईनंच निवडला. लग्नानंतर आठ दिवसांनी येऊन."

फोटोत बाबा हसताहेत. वरचं बटण उघडं, नजर बाजूला. उजव्या कडेला पांढऱ्या पदराचा तुकडा राहिलेला, आईच्या खांद्यावरच्या बोटांसारखा. मी पूर्ण फोटो मागितला. तो चाचरला, मग मोबाइलवर दाखवला. कडेला मी आहे, हार एकीकडे सरकलेला, डोळे बारीक, बोट बाबांवर रोखलेलं.

"त्याईले खरंच माहीत नव्हतं, तवा तुमी फोटो काढून राहिले ते?"

"नाही ताई," तो म्हणाला, पण माझ्याकडे न पाहता.

बाबा वर्षानुवर्षं शाळेच्या गॅदरिंगची नाटकं बसवत. कुठे उभं राहिलं की चेहरा दिसतो, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

फ्रेम मी आईशेजारी लावली. पूर्ण फोटोची प्रत करून घेतली, ती माझ्या कपाटात आहे. अधूनमधून काढते आणि फक्त बाबांचे डोळे पाहते. कधी ते माझ्याकडेच पाहताना दिसतात. कधी वाटतं, नजर जराशी कॅमेऱ्याकडे कललेली आहे. मग मी फोटो खिडकीपाशी नेते आणि उजेडात पुन्हा पाहते.