बाबांच्या छातीतली तार

आसगावजवळच्या तलावात मासेमारी करणाऱ्या माझ्या बाबांना नागपूरला पेसमेकर बसवला, तेव्हा मी एम.एस्सी.ला होते. गळ्याच्या हाडाखाली एक छोटी डबी आणि तिच्यातून निघून हृदयात उतरलेली तार. "काही आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही," डॉक्टरांनी बजावलं होतं. बाबांनी मान हलवली. घरी आल्यावर थोड्याच दिवसांत, तलावावर धुकं असताना, त्यांनी डोंगा काढला आणि दोन्ही हातांनी जाळं फेकलं.

दुपारी त्यांना उचक्या लागल्या. आईने पाणी दिलं, साखर दिली.

"कोन एवढी आठवन करून राहिलं तुमची?" ती हसत म्हणाली.

पण उचकी थांबेना. मी त्यांच्या पोटावर तळवा ठेवला. आत काहीतरी ठरलेल्या ठेक्यावर ठोके देत होतं. बाहेर तलाव चकाकत होता, आणि मला वाटलं, बाबांच्या आत कुणी दुसरंच वस्तीला आलं आहे.

नागपूरला एक्स-रे काढला. तार जागेवरून सरकली होती आणि हृदयाऐवजी छाती आणि पोटामधल्या श्वासाच्या पडद्याला वीज देत होती; उचक्या त्यामुळेच. ती पुन्हा नीट बसवली. मला मात्र एक्स-रेमधली ती पांढरी रेघ दिसतच राहिली. सतत हलणाऱ्या मांसात धातू. मांसासारखंच मऊ काही वीज का वाहून नेत नसेल?

पुढे मी याच कामात शिरले. मऊ पॉलिमर, म्हणजे रबराच्या जातीचे पदार्थ, वीज अडवतात. त्यात वीज वाहणारा निळा-काळा पॉलिमर मिसळायचा. जास्त झाला की पट्टी तडकायची, कमी झाला की वीज थांबायची. कित्येक पट्ट्या मी शरीरासारख्या कोमट, खारट पाण्यात भिजत ठेवल्या. बहुतेक फुगल्या, सोलून निघाल्या. मग मिश्रण फार सावकाश वाळवायला लागले. त्या पॉलिमरचे निळे धागे आतल्या आत एकमेकांत गुंतले, आणि एक पट्टी ताणली तरी तिला जोडलेला दिवा लागलेलाच राहिला.

तिचा तुकडा, एक सेल आणि बारकासा दिवा घेऊन मी गावी गेले. बाबा आता जाळं फेकत नाहीत, शिंगाडे तोडतात. आम्ही डोंग्यात बसलो होतो. मी सेल आणि दिवा पट्टीला जोडून दिला, आणि त्यांनी ती दोन्ही टोकांना धरून ताणली. दिवा लागलेलाच.

"झिंग्यासारखी नरम हाय. मायासाठी केली का?"

"नाही बाबा. मानसाच्या अंगात जायले अजून बहुत वर्ष लागतीन."

"मंग माया कामाची नाही."

"नाही."

मी तोंड फिरवून डोळे पुसले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"रडतं काहून, माय? मायावाली तार चालून राहिली ना! हे दुसऱ्या कोनाच्या कामी येईन."

त्यांनी पट्टी मनगटावर पसरली. कातडीच्या सुरकुत्यांत ती इतकी अलगद बसली की कडा दिसेनाशा झाल्या. मग ते डोंग्याला टेकले आणि त्यांचा डोळा लागला. मी वल्हं वर घेतलं. वारा नेईल तिकडे डोंगा जाऊ दिला. शिंगाड्यांची पानं बाजूला होत होती, मागे पुन्हा मिटत होती.